पलीकडचं टेबल

सुभेदार कृष्णात फडतरे फौजेतून निवृत्त होऊन खडकवाडीला आले, त्याला आता चौदा वर्षं झाली. वडूजपासून पूर्वेला माळावरचं गाव. ज्वारी, मटकी, पाऊस बरा झाला तर कांदा. गावात फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. कृष्णात अठ्ठावीस वर्षं नोकरी करून परत आले आणि दोनेक वर्षांत आमदार वीरधवल यांच्या पक्षाचे गावातले बूथप्रमुख झाले. कुणी गळ घातली म्हणून नव्हे. त्या पक्षाची माणसं देशाबद्दल बोलत, देवळांबद्दल बोलत, माजी सैनिकांना पहिल्या रांगेत बसवत. राजौरीच्या थंडीत आपण ज्यासाठी उभे राहिलो असं कृष्णातांना वाटायचं, ते कुणीतरी मोठ्यानं बोलतंय, एवढं त्यांना पुरे होतं.

विधानसभेची निवडणूक लागली तेव्हा वीरधवल यांच्यासमोर लक्ष्मीबाई दुसऱ्यांदा उभ्या राहिल्या. त्या पलीकडच्या खोऱ्यातल्या, बौद्ध कुटुंबातल्या. आधी अंगणवाडी सेविका होत्या. सेविकांच्या संपात पुढे आल्या, मग नोकरी सोडून गावोगाव बायकांच्या पाणी परिषदा घेऊ लागल्या. हातात लाल बावटा. धरणाचं पाणी एकरावर वाटू नका, माणसांवर वाटा, ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही त्याचा हिस्सा द्या, असं त्या म्हणायच्या. देवळांना मिळणाऱ्या सरकारी निधीवरही उघड बोलायच्या. कृष्णातांना यातलं काहीच पटत नव्हतं. पारावर कुणी लक्ष्मीबाईंचं नाव काढलं की ते म्हणत, "जमीन न्हाई त्यानं पाणी घेऊन करायचं काय? अंगावर वतून घ्यायचं?"

वीरधवल यांच्या प्रचाराचं सगळं काम उदयसिंह बघायचे. वडूजच्या कार्यालयात त्यांनी कृष्णातांना बोलावून घेतलं.

"सुभेदार, तुमच्यावर एक जबाबदारी टाकतोय. त्या बाईच्या सभांना जायचं. मागं बसायचं आणि सगळं भाषण मोबाईलमध्ये घ्यायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. काय बोलते ते कळलं तर आपल्याला उत्तर देता येतं."

कृष्णातांना त्यात गैर काही वाटलं नाही. समोरच्याच्या हालचालीवर नजर ठेवणं हे त्यांचं जुनं काम.

पहिली सभा एका वाडीच्या देवळापुढं होती. चाळीसभर बायका, आठ-नऊ पुरुष. कृष्णात लिंबाच्या झाडाखाली मोबाईल धरून उभे राहिले. लक्ष्मीबाई बोलता बोलता थांबल्या.

"सुभेदार हायसा न्हवं तुमी खडकवाडीचे? उभ्यानं हात अवघडंल. आगं, खुर्ची द्या गं त्यांना. आपलं बोलणं तिकडं नीट पोचलं पायजे."

बायका हसल्या. कुणीतरी खुर्ची आणली. कृष्णातांना ओशाळल्यासारखं झालं, पण ते बसले, आणि पाऊण तास मोबाईल धरून बसून राहिले. त्या दिवशी त्यांच्या एक लक्षात आलं. वीरधवल यांच्या सभेत काय बोललं जाणार ते आधीच माहीत असायचं. ही बाई लोकांना विचारत होती, आणि उत्तर येईपर्यंत थांबत होती.

तिसऱ्या सभेत तिनं त्यांनाच विचारलं.

"सुभेदार, तुमी सरहद्दीवर असताना तुमच्या घरी पाणी कोण आणायचं?"

"बायको."

"कुठनं?"

"गावच्या विहिरीवरनं."

"मोठ्या दुष्काळात गावची विहीर आटली हुती की. तवा?"

ते कृष्णातांना ठाऊक नव्हतं. लक्ष्मीबाईंनी ताणलं नाही. "घरी इचारा," एवढंच म्हणून त्या पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

घरी त्यांची बायको बनाबाई ओट्यावर मटकी पाखडत बसली होती. कृष्णात शेजारी टेकले.

"दुष्काळात तू पाणी कुठनं आणायचीस?"

"कवाच्या दुष्काळात?"

"मी लेहला हुतो तवाच्या."

बनाबाईचा हात थांबला नाही. "धोंडीबाच्या आडावरनं."

धोंडीबाचं घर ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत. तिथला आड खडकात खोल खणलेला.

"तिकडनं?"

"मग कुठनं? टँकर आठ दिसानं यायचा. तिथं पाणी हुतं. धोंडीबाची बायको दोर द्यायची, कवा कवा दोन कळश्या वढून बी द्यायची. दोन उन्हाळं काढलं तसं."

"आईला चाललं?"

"आत्याबाईंला सांगायची, मळ्यातनं आणलं."

"मला कवा बोलली न्हाईस."

"तुमी सुट्टीवर यायचा. पाव्हणं, देव, लग्नं. कवा बोलायचं?" तिनं सूप झटकलं. "आन् बोलून काय व्हनार हुतं?"

धोंडीबा वारला त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हा ते गावातच होते आणि मातीला गेले नव्हते. जायचं नाही असं ठरवलंही नव्हतं. जावं असं मनातच आलं नव्हतं.

तरीही मत बदलायचा विचार त्यांच्या डोक्यात नव्हता. आडाचं पाणी ही एक गोष्ट, पक्ष ही दुसरी. दुसऱ्या दिवशी ते चौथ्या सभेला गेले आणि नेहमीसारखं सगळं भाषण उदयसिंहांना पाठवलं.

पाचवी सभा लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या गावात, समाजमंदिरापुढं होती. कृष्णात तिथल्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. तिथं त्या सैनिकांबद्दल बोलल्या. आवाज नेहमीसारखाच होता.

"मुंबईला आमच्या मोर्चाच्या टायमाला एक मोठे सायेब मला म्हणाले, तुमच्या भागातले सैनिक सैनिक काय करता? सैनिकानं काय केलं? पगार घेतला, पेन्शन घेतली, कँटीनची बाटली घेतली. झालं. मी त्या सायबाला म्हणलं, आमच्या गावात या. वेशीवरच्या दगडावर अकरा नावं हायत. त्यांनी काय घेतलं ते त्यांच्या बायकांना इचारा. आन् जे जित्ते परत आले त्यांच्या बायका अजून टँकरमागं का पळत्यात, ते सरकारला इचारा."

सभेत कुणी टाळी वाजवली नाही. पुढं बसलेली एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. कृष्णातांनी मोबाईल खाली घेतला. घरी जाऊन त्यांनी तेही भाषण पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिराळ्याहून त्यांच्या लेकीचा फोन आला. अंकिता तिथं दिलेली, तिचा नवराही फौजेत.

"आण्णा, त्या बाईचा व्हिडिओ बघितला का? हितं सगळ्या ग्रुपवर आलाय. मामंजींनी दोनदा लावून ऐकला. लय वाईट वाटलं त्यांना."

"कसला व्हिडिओ?"

तिनं पाठवला. चौदा सेकंदांचा होता. लक्ष्मीबाईंचा चेहरा, मागं त्यांच्या गावचं समाजमंदिर, आणि आवाज: सैनिकानं काय केलं? पगार घेतला, पेन्शन घेतली, कँटीनची बाटली घेतली. झालं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, वीर जवानांचा अपमान, लक्षात ठेवा.

कोपऱ्यात लिंबाची एक फांदी हलत होती. ज्या जागेवरून ती तशी दिसते त्या जागेवर खुर्ची टाकून कृष्णातच बसले होते.

त्यांनी अंकिताला फोन लावला. "ती असं न्हाई म्हणाली."

"आवं, तोंड दिसतंय की तिचं."

"म्हणाली. पण दुसऱ्या कुनाचं बोलणं सांगत हुती. पुढं लय बोलली."

"मग पुढचं कुठं हाय?"

"माझ्याकडं."

"म्हंजी हे तुमी काढलंय, आण्णा?"

त्यांनी व्हय म्हटलं आणि फोन ठेवला.

ते तसेच एसटीनं वडूजला गेले. तोवर एका गावात लक्ष्मीबाईंच्या गाडीवर शेण मारलं होतं, दुसऱ्या गावात माजी सैनिकांनीच त्यांना वेशीवरून परत पाठवलं होतं. उदयसिंह खुशीत होते. त्यांनी चहा सांगितला.

"सायेब, ते वाक्य तोडलंय," कृष्णात म्हणाले. "सगळं लावा. न्हाईतर काढून टाका."

"आता कुठं काढता, सुभेदार? गेलं ते लांब. इलेक्शन होऊ द्या, मग बघू."

"म्या काढलेलं हाय ते."

"म्हणून तर इतकं चांगलं आलंय," उदयसिंह म्हणाले. त्यात चेष्टा नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

आतल्या खोलीत वीरधवल होते. त्यांनी कृष्णातांना बसवून घेतलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वीरधवल हा तसा सभ्य माणूस. पुण्यात शिकलेला, कधी कुणाला अरेतुरे न करणारा.

"सुभेदार, ते शब्द तिच्या तोंडचे आहेत की नाहीत?"

"हायत."

"मग आपण खोटं काय केलं? तिच्या पक्षाला सैन्याबद्दल आस्था नाही हे तुम्हीच इतकी वर्षं लोकांना सांगत आलात."

कृष्णात खरंच तसं सांगत आले होते.

"शनिवारी बाजारतळावर सभा आहे," वीरधवल म्हणाले. "माजी सैनिकांच्या वतीनं तुम्ही दोन शब्द बोला. तुमच्या तोंडून आलेलं लोक मानतात."

कृष्णात व्हय म्हणाले. त्या क्षणी ते नेमकं कशाला व्हय म्हणाले, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पुढचे दोन दिवस त्यांनी ते भाषण मोबाईलवर पुनःपुन्हा ऐकलं. मग मागच्या चार सभाही ऐकल्या. कुठं ती बाई खोटं बोललेली सापडते का, हे ते शोधत होते. सापडलं असतं तर बरं झालं असतं. न पटणारं पुष्कळ होतं. खोटं मात्र सापडेना.

शनिवारी चार वाजता बाजारतळ भरला होता. पहिल्या रांगेत पदकं लावलेले माजी सैनिक. कृष्णातांचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या झाल्या. त्यांनी माईक हातात घेतला.

"राम राम. तो व्हिडिओ म्या काढलाय," ते म्हणाले. "म्या तिथं हुतो. बाई दुसऱ्याचं बोलणं सांगत हुती. पुढं तिनं आपल्या बाजूचंच सांगितलं. ते तोडलंय. लक्ष्मीबाईंचं मला बरंच पटत न्हाई, आजबी न्हाई. पर आपल्याला तोडून दाखवावं लागतंय, ह्याची मला लाज वाटली. सगळं भाषण ज्याला बघायचंय त्याला—"

उदयसिंह हसतमुखानं पुढे आले आणि त्यांनी माईक हळूच काढून घेतला. "सुभेदारांची तब्येत दोन दिवस बरी नाही," ते लोकांना म्हणाले. वीरधवल समोर बघत राहिले. पहिल्या रांगेतल्या कुणी काही विचारलं नाही. कृष्णात पायऱ्या उतरले, खुर्च्यांच्या मधून चालत मैदानाबाहेर गेले. स्टँडवर बाकावर बसून त्यांनी ते सबंध भाषण, सदतीस मिनिटांचं, आपल्याला जमलं तितक्या ग्रुपवर टाकलं. एसटी लागायच्या आत चार ग्रुपमधून त्यांना काढून टाकण्यात आलं.

घरी बातमी आधीच पोचली होती.

"बोलला ते बरं केलं," बनाबाई म्हणाली. "आता गप बसा. मत कुनाला द्यायचं ते पेटीत द्या, गावाला कशाला दाखवायचं?"

"आता पेटी कुठं हाय, मशीन हाय."

"मशीनीत द्या. आपल्याला ह्याच गावात ऱ्हायाचंय. तुमी फौजेत हुता तवा मी एकटी हितं निभावून न्हेलंय सगळ्यांशी. ते तुमी एका दिसात मोडू नका."

तिचं चुकत नव्हतं आणि ते त्यांना कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटारसायकल काढून लक्ष्मीबाईंच्या गावी गेले. त्या दारात बसून पत्रकांचे गठ्ठे बांधत होत्या. त्यांनी पाट सरकवला.

"ताई, त्या व्हिडिओचं माझ्याकडनं झालं," कृष्णात म्हणाले.

"ठाव हाय मला. कुठं बसला हुता ते मला दिसत हुतं की."

"बोलला न्हाई कुठं तुमी."

"तुमचं नाव घेऊन काय व्हनार? तुमाला त्यांनी फसवलं, मला बी फसवलं."

कृष्णात म्हणाले, "माझं मत तुमाला. आन् गावात उघड बसंन म्हणतो, तुमच्या टेबलावर."

लक्ष्मीबाईंनी सुतळी खाली ठेवली. त्यांना आनंद झाल्यासारखं दिसलं नाही. "का?" त्यांनी विचारलं. "पश्चात्ताप म्हणून आला असाल तर नगं. पश्चात्तापाचं मत दोन दिस टिकतं."

"तसं न्हाई. देवळाचं तुमी बोलता ते मला पटत न्हाई. सैन्यावर खर्च लय हुतो म्हणता, ते तर बिलकूल न्हाई. पर तुमच्या पाच सभा म्या दोन-दोन बार ऐकल्यात. तुमी खोटं बोलला न्हाई. पाण्याचं तुमी म्हणता ते मला आधी येडेपणाचं वाटायचं. आता न्हाई वाटत. आमच्या घरानं धोंडीबाच्या आडाचं पाणी दोन वर्सं प्यालंय. त्यानं कवा जमीन किती म्हणून इचारलं न्हाई."

"मग प्रचारात काय बोलाल?"

"पाण्याचं बोलंन. देवळाचं बोलणार न्हाई."

"चालंल," लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि आत बघून दोन कप चहा सांगितला.

उरलेल्या सहा दिवसांत कृष्णात सात वाड्यांत गेले. बोलायला ते काही फार चांगले नव्हते. ऐकणारे पहिला प्रश्न विचारायचे तो एकच, तिकडनं काय मिळालं? काही मिळालं नाही हे सांगून कुणाला पटत नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या वाडीनंतर त्यांनी ते सांगणंच सोडून दिलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी शाळेपासून ठरल्या अंतरावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टेबलं लागली. मतदारयादी, चिठ्ठ्या, पाण्याचा जार. गेल्या तीन निवडणुका कृष्णात ज्या टेबलावर बसले होते तिथं त्यांचाच पुतण्या बसला. समोर, रस्त्याच्या पलीकडे, लक्ष्मीबाईंचं टेबल. तिथं धोंडीबाचा मुलगा मिलिंद एकटाच असायचा. कृष्णात इस्त्रीचा सदरा घालून आले, रस्ता ओलांडला आणि मिलिंदच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मिलिंदनं यादी त्यांच्याकडे सरकवली. दोघेही पहिला तासभर यादीपलीकडचं काही बोलले नाहीत.

भावकीतली माणसं येत, नेहमीच्या टेबलाकडे जात, चिठ्ठी घेत आणि इकडे न बघता शाळेत शिरत. साडेनऊच्या सुमारास तात्या आले, ऐंशी वर्षांचे, कृष्णातांचे चुलते. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"कृष्णात, टेबल चुकलास व्हय रं?"

"न्हाई तात्या. ह्याच टेबलावर हाय."

तात्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि पुतण्याकडे जाऊन चिठ्ठी घेतली. अकराच्या पुढं बनाबाई आली. सोबत तिच्या बचत गटाच्या दोघी-तिघी होत्या. ती सरळ पलीकडच्या टेबलाशी आली आणि मिलिंदला म्हणाली, "माझं नाव काढ रं." मिलिंदनं चिठ्ठी दिली. नवऱ्याकडे न बघता ती शाळेकडे चालू लागली. सोबतच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांनीही तिथंच आपापली नावं सांगितली.

उन्हं कलली तेव्हा कृष्णातांनी मिलिंदला म्हटलं, "तुझा बाप वारला तवा म्या मातीला आलो न्हाई."

मिलिंद यादीवर खुणा करत होता. "गावातलं लय जण न्हाई आलं," तो म्हणाला. मग जरा वेळानं म्हणाला, "आई हाय घरात. कवा आला तर तिला बरं वाटंल."

शनिवारी निकाल लागला. वीरधवल बत्तीस हजारांनी निवडून आले. खडकवाडीत लक्ष्मीबाईंना मागच्या खेपेला एकोणीस मतं पडली होती, या वेळी एकशे सात. वडूजला गुलाल उडाला, गावातही उडाला. मिरवणूक कृष्णातांच्या घरावरून गेली तेव्हा दारापुढं डॉल्बीचा आवाज जरा वाढवला, त्याहून जास्त कुणी काही केलं नाही.

मधल्या दिवसांत कृष्णात एकदा ओढा ओलांडून मिलिंदच्या आईकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी बनाबाईलाही सांगितलं नाही.

प्रजासत्ताक दिनाला शाळेत झेंडा नेहमी कृष्णात चढवत. या वर्षी तो मान गावातल्या एका निवृत्त हवालदाराला दिला. कृष्णात वर्दीवरची पदकं सदऱ्याला लावून मुलांच्या मागच्या रांगेत उभे राहिले आणि राष्ट्रगीत झाल्यावर घरी आले. त्यांना ते लागलं. बनाबाईनं त्या दिवशी शेवयाची खीर केली. शिराळ्याहून अंकिताचा फोन आला, सासऱ्यांनी सगळं भाषण शेवटपर्यंत ऐकलं म्हणाली. "आण्णांचं डोकं फिरलंय असं त्यांना अजून बी वाटतंय," ती म्हणाली, "पर त्या बाईला आता नावं ठेवत न्हाईत."

मार्चमध्ये लक्ष्मीबाईंनी वडूजला पाण्यासाठी मोर्चा काढला. दोन-अडीचशे बायका, थोडे पुरुष. कृष्णात बनाबाईला घेऊन गेले होते. तहसील कचेरीपुढच्या झाडाखाली लक्ष्मीबाई बोलायला उभ्या राहिल्या. पाण्याचं बोलल्या, टँकरचं बोलल्या, आणि मग गाडी देवळाच्या निधीवर आली.

कृष्णात उठून उभे राहिले. "ताई, ते नगं. हितं पाण्याला आलोय आपुण. निम्म्या बाया देवाचं करून आल्यात."

बायका वळून बघायला लागल्या. एकीनं हाताला धरून त्यांना खाली बसवायचा प्रयत्न केला.

"त्याच पैशात चार गावांचं पाणी झालं असतं, सुभेदार. ते सांगू नगं व्हय?"

"आकडा सांगा. देवावर जाऊ नका."

"देवावर गेले न्हाई मी. ठेकेदारावर गेले."

"मग ठेकेदाराचं नाव घ्या."

लक्ष्मीबाईंनी घाम पुसला. मग म्हणाल्या, "बरं. आकडाच सांगते. तुमाला न्हाई पटला तर पुन्यांदा उठा." आणि त्या हातातल्या कागदावरून आकडे वाचायला लागल्या.

कृष्णात खाली बसले. एक आकडा त्यांना चुकीचा वाटला, तो त्यांनी मनात धरून ठेवला. शेजारी बनाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि पिशवीतली पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.